अवघड आणि जोखमीचे : यकृत-प्रतिरोपणातील काठिण्यनिर्णयाचा इतिहास

‘अवघड’ आणि ‘जोखमीचे’ हे दोन शब्द मराठीत पुष्कळदा जोडीने येतात. परंतु ते समानार्थी नाहीत. दुसऱ्याची ठेव सांभाळणे जोखमीचे आहे, अवघड नाही. किचकट कोडे सोडविणे अवघड आहे, जोखमीचे नाही. पहिला शब्द कामाच्या घडणीविषयी व करणाऱ्याच्या श्रमाविषयी बोलतो, तर दुसरा काम फसल्यास काय गमवावे लागेल याविषयी. नित्याच्या व्यवहारात या दोहोंची सरमिसळ झाली तरी फारसे बिघडत नाही. परंतु ज्या क्षेत्रात कामाचे मोजमाप करून त्यावरून निर्णय घेतले जातात, तेथे ही सरमिसळ महाग पडते. यकृत-प्रतिरोपणाची शस्त्रक्रिया हे असे एक क्षेत्र होय. एखादी शस्त्रक्रिया कितपत अवघड ठरेल हे शल्यविशारदांनी गेल्या साठ वर्षांत कसकसे ठरविले, आणि तसे ठरविताना त्यांनी कोणती गोष्ट मोजून तिला कोणते नाव दिले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका : १९४१ मधील एक नकार

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यांची प्रतवारी लावण्याचा पहिला महत्त्वाचा आधुनिक प्रयत्न भूलतज्ज्ञांनी केला. अमेरिकेतील त्यांच्या संघटनेने नेमलेल्या साक्लाड, रोव्हेनस्टाइन व टेलर या तिघांच्या समितीचे विवेचन १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. समितीपुढे काम होते ते ‘शस्त्रक्रियेतील जोखमी’चे वर्ग पाडण्याचे. परंतु जोखीम ही केवळ रोग्यावर अवलंबून नसते. कोणती शस्त्रक्रिया करावयाची, ती करणारा किती कुशल आहे, नंतरची शुश्रूषा कशी होणार, हे सर्व तीत मिसळलेले असते. आणि इतक्या गोष्टींना एका अंकात बसविणे शक्य नाही, असे समितीस आढळून आले. म्हणून तिने ‘जोखीम’ हा शब्द बुद्धिपुरस्सर बाजूस सारला आणि केवळ रोग्याच्या शारीरिक अवस्थेचे वर्ग पाडले.

हा नकार वैचारिक शिस्तीचा एक चांगला नमुना आहे. जे मोजता येते तेवढेच मोजावे आणि त्याला त्याचेच नाव द्यावे, असा त्याचा आशय होता. पुढे हेच वर्ग सर्रास ‘जोखमीचे वर्ग’ म्हणून ओळखले जाऊ लागले, हा त्या शिस्तीचा पराभव म्हणावा लागेल. यकृताच्या शल्यचिकित्सेत हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडलेली दिसते.

२. डेन्व्हर, १९६३ : अंदाज का चुकला

यकृत-प्रतिरोपणाचे प्रयोग १९५८ च्या सुमारास शिकागो व बॉस्टन येथे कुत्र्यांवर पद्धतशीरपणे सुरू झाले. शिकागोत टॉमस स्टार्झल आणि बॉस्टनमध्ये फ्रान्सिस मूर हे या प्रयोगांचे प्रमुख होते. स्टार्झल पुढे डेन्व्हर येथील कोलोरॅडो विद्यापीठात गेले. मनुष्यावर हात घालण्यापूर्वी अशा शस्त्रक्रियांचा त्यांचा अनुभव शेकड्यांत मोजण्याइतका होता. शस्त्रक्रियेचा प्रत्येक टप्पा त्यांना ठाऊक होता. रोगी यकृत काढावयाचे, दात्याचे यकृत त्याच जागी बसवावयाचे, महानीला, पोर्टल नीला व यकृत-रोहिणी जोडावयाच्या आणि अखेरीस पित्तनलिकेची व्यवस्था लावावयाची.

१ मार्च १९६३ रोजी त्यांनी तीन वर्षांच्या एका मुलावर ही शस्त्रक्रिया केली. मुलाच्या पित्तनलिका जन्मतःच बंद होत्या आणि त्याच्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती. पोटातील अवयव जुन्या व्रणांमुळे एकमेकांस चिकटलेले होते. रोगट यकृतातून वाट न मिळाल्याने रक्ताचा दाब वाढून जागोजागी बारीक नीलांची जाळी तयार झाली होती, आणि रक्त गोठण्याची शक्ती मंदावली होती. नुसते पोट उघडून यकृतापर्यंत पोहोचण्यासच कित्येक तास लागले. रक्तस्राव आवरता आला नाही आणि मूल शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावले. इतक्या पूर्वतयारीनंतरही या कामाच्या प्रचंडतेची कल्पना आलेली नव्हती, असे स्टार्झल यांनी आपल्या आठवणींत पुढे नमूद केले.

ही अपुरी कल्पना कौशल्याच्या अभावातून आलेली नव्हती. प्रयोगातील कुत्री निरोगी होती. त्यांच्या पोटात व्रण नव्हते, फुगलेल्या नीला नव्हत्या, आणि रक्त नीट गोठत होते. शस्त्रक्रियेची रचना दोन्हीकडे एकच होती. परंतु अवघडपणा त्या रचनेत नव्हता, तो रोगाने शरीरात जे करून ठेवले होते त्यात होता. ज्या रोग्यास प्रतिरोपणाची गरज आहे त्याचेच शरीर प्रतिरोपणास सर्वांत प्रतिकूल असते, ही गोष्ट प्रयोगशाळेत दिसणे शक्यच नव्हते.

कुत्र्यांवरील अनुभवाने उलट दिशेनेही दिशाभूल केली. कुत्र्याच्या पोटातील मोठ्या नीला चिमट्याने बंद केल्या तर ते जगत नाही; म्हणून शरीराच्या खालच्या भागातील रक्त प्लॅस्टिकच्या नळीने वरच्या नीलांत पोहोचविण्याची युक्ती आवश्यक मानली गेली. हीच युक्ती पुढच्या रोग्यांत योजण्यात आली. त्या नळ्यांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या. वस्तुतः जुन्या यकृतरोगात रक्ताने आपल्या पर्यायी वाटा आधीच काढलेल्या असतात, आणि अशा बहुतेक रोग्यांना ती नळी अपरिहार्य नव्हती. म्हणजे जेथे अडचण होती तेथे ती दिसली नाही, आणि जेथे नव्हती तेथे ती गृहीत धरली गेली.

१९६४ च्या आरंभापर्यंत डेन्व्हर, बॉस्टन व पॅरिस मिळून सात प्रयत्न झाले. त्यांपैकी एकही रोगी २३ दिवसांहून अधिक जगला नाही. यानंतर काही काळ हे काम थांबविण्यात आले. १९६७ च्या जुलैमध्ये डेन्व्हर येथे शस्त्रक्रिया झालेले एक लहान मूल वर्षाहून अधिक जगले. २ मे १९६८ रोजी रॉय कॅल्न यांनी केंब्रिज येथे युरोपातील दीर्घकालीन कार्यक्रमाचा आरंभ केला. तरीही १९८० च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध येईपर्यंत बहुसंख्य रोगी वर्षभरही जगत नसत.

३. रोग्याची अवस्था मोजणारे अंक

याच काळात यकृतरोग्यांची प्रतवारी लावण्याची एक पद्धत दुसऱ्या एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने उदयास आली. पोर्टल नीलेतील वाढलेला दाब उतरविण्यासाठी तिचे रक्त वळवून महानीलेत सोडण्याची शस्त्रक्रिया त्या वेळी प्रचलित होती. ती कोणत्या रोग्यास सोसेल हे ठरविण्यासाठी मिशिगन विद्यापीठातील चाइल्ड व टर्कॉट यांनी १९६४ मध्ये अ, ब, क असे तीन वर्ग सुचविले. रक्तातील बिलिरुबिन व अल्ब्युमिन, जलोदर, मेंदूवरील परिणाम आणि रोग्याचे पोषण हे त्यांचे पाच निकष. यांपैकी शेवटचे तीन निकष मुख्यतः वैद्याच्या नजरेवर अवलंबून होते. १९७३ मध्ये लंडनमधील प्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोषणाऐवजी रक्त गोठण्याच्या कालावधीचा निकष घेतला आणि वर्गांना गुणांची जोड दिली.

२००० साली याच परंपरेतील पुढचा अंक निर्माण झाला, तो मेयो क्लिनिकमध्ये. नीलेतील दाब उतरविण्यासाठी यकृतात नळी बसविल्यानंतर कोणते रोगी लवकर दगावतील, हे वर्तविणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे ‘मेल्ड’ या संक्षिप्त नावाने तो प्रसिद्ध झाला, आणि २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत मृत दात्यांची यकृते कोणास आधी द्यावयाची हे त्यावरून ठरू लागले. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचे प्रमाण या तीनच मोजण्यांवर तो उभा होता. पुढे त्यात सोडियम व इतर घटकांची भर पडली. नजरेच्या निकषांना त्याने पूर्णपणे फाटा दिला, आणि वाटपातील न्यायाच्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण होय.

परंतु मेल्ड अंकात शस्त्रक्रियेविषयीची एकही बाब नाही. रोगी प्रतिरोपणावाचून किती दिवस काढील हे तो सांगतो. त्याचे पोट उघडल्यावर काय आढळेल हे सांगत नाही. यातून दोन परस्परविरुद्ध प्रकार संभवतात. अकस्मात यकृत निकामी झालेल्या रोग्याचा अंक फार मोठा असतो. परंतु त्याच्या पोटात जुने व्रण किंवा फुगलेल्या नीला बहुधा नसतात आणि यकृत सुटे करणे तुलनेने सुलभ जाते. जोखीम मोठी, परंतु हाताला अडथळा कमी. उलट एखाद्या जुन्या रोग्याचा अंक मध्यम असतो. परंतु त्याच्यावर पूर्वी दोन-तीन शस्त्रक्रिया झालेल्या असतात आणि पोर्टल नीला गुठळीने बंद असते. त्याचे यकृत बाहेर काढणे हेच दिवसभराचे काम होऊन बसते. या दोघांना एकाच मोजपट्टीवर उभे केले असता पहिला ‘कठीण’ आणि दुसरा ‘साधारण’ ठरतो. शस्त्रक्रियागृहातील अनुभव नेमका याच्या उलट असतो.

४. शरीररचनेची वर्णने

शल्यविशारदांची स्वतःची भाषा दुसऱ्या वाटेने वाढली. ती अंकांची नसून वर्णनाची होती. १९५५ मध्ये मायकेल्स यांनी २०० शवांच्या विच्छेदनावरून यकृताकडे जाणाऱ्या रोहिणींची विविध रूपे नोंदविली आणि पुढे त्यांचे दहा प्रकार रूढ झाले. कुइनो या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रक्तवाहिन्यांच्या वाटणीनुसार यकृताचे आठ खंड पाडले. १९९४ मध्ये हायट व सहकाऱ्यांनी १००० दात्यांच्या यकृतांची पाहणी करून दाखविले की, सुमारे तीन-चतुर्थांश यकृतांत रोहिणीची रचना पाठ्यपुस्तकातील वर्णनाप्रमाणे असते. उरलेल्यांत ती निराळी असते.

पोर्टल नीलेतील गुठळीचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. आरंभीच्या काळात अशी गुठळी असणे म्हणजे प्रतिरोपण अशक्य, असे मानले जाई. येथे ‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यांत भेद नव्हता. १९८० च्या दशकात गुठळी काढून टाकणे, दुसऱ्या नीलेचा तुकडा जोडणे इत्यादी उपाय निघाले आणि त्या एका ‘अशक्य’ शब्दाच्या पोटात अनेक पायऱ्या दिसू लागल्या. २००० साली बर्मिंगहॅम येथील येर्देल व सहकाऱ्यांनी त्यांना चार श्रेणींचे रूप दिले. निम्म्याहून कमी पोकळी बंद असेल तर पहिली श्रेणी. त्याहून अधिक किंवा पूर्ण बंद असेल तर दुसरी. आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेचा वरचा भागही बंद असेल तर तिसरी. आणि ती खालपर्यंत बंद असेल तर चौथी. या श्रेणींचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक श्रेणी शल्यविशारदास पुढची कृती सुचविते. मेल्ड अंक रोग्याविषयी भाकीत करतो. ही श्रेणी हाताला काय करावे लागेल ते सांगते. ‘अवघड’ या शब्दाच्या मूळ अर्थाशी इमान राखणारी मोजपट्टी ती हीच.

तथापि तंत्राच्या प्रगतीबरोबर अवघडपणा नाहीसा झाला असे मात्र नव्हे. त्याने स्थान बदलले. १९८३-८४ मध्ये पिट्सबर्ग येथे पंपाच्या साहाय्याने रक्त वळविण्याची सुरक्षित पद्धत आली. १९८५ मध्ये तेथीलच कांग व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना रक्त गोठण्याची क्रिया आलेखावर पाहून उपचार करण्याचा मार्ग दाखविला. १९८७ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठातील द्रावणामुळे काढलेले यकृत अधिक काळ टिकू लागले. १९८९ मध्ये त्झाकिस व सहकाऱ्यांनी रोग्याची महानीला जागच्या जागी ठेवून तिच्यावर नवे यकृत बसविण्याची ‘पाठकुळी’ पद्धत वर्णिली. यांतील प्रत्येक सुधारणेने एक अडचण दूर केली. आणि प्रत्येक सुधारणेनंतर पूर्वी नाकारलेले रोगी स्वीकारले जाऊ लागले. म्हणून १९८० मधील ‘अवघड’ आणि २००० मधील ‘अवघड’ हे शब्द एक असले तरी त्यांचा निर्देश एकाच वस्तूकडे नाही.

५. दोन देहांचा प्रश्न

१९८९ मध्ये ब्रिस्बेन येथे स्ट्राँग यांनी जिवंत दात्याच्या यकृताचा भाग काढून पहिले यशस्वी प्रतिरोपण केले, आणि काठिण्यनिर्णयात एक नवी बाब शिरली. आता अवघडपणा दोन देहांत विभागला गेला. त्यांपैकी एक देह पूर्णपणे निरोगी माणसाचा. दात्यास उरणारे यकृत आणि रोग्यास मिळणारे यकृत या दोहोंचे माप आधी काढणे भाग पडले. रोग्याच्या वजनाच्या सुमारे ०.८ टक्क्यांपेक्षा दिलेला भाग लहान असल्यास धोका वाढतो, हा संकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी अनुभवातून रूढ झाला. दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या रोहिणी जोडण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचा उपयोगही जपानमध्येच त्या दशकाच्या आरंभी सुरू झाला होता. १९९६ मध्ये हाँगकाँग येथे प्रौढांसाठी यकृताचा उजवा मोठा भाग घेण्याची पद्धत पुढे आली. तिने रोग्याची अडचण कमी केली आणि दात्याची वाढविली.

भारतात मानवी अवयव प्रतिरोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि पहिले यशस्वी यकृत-प्रतिरोपण १९९८ मध्ये दिल्ली येथे पार पडले. त्यात बापाने आपल्या मुलास यकृताचा भाग दिला. येथील बहुसंख्य यकृत-प्रतिरोपणे जिवंत दात्यांवरच अवलंबून आहेत. त्यामुळे ‘ही शस्त्रक्रिया कितपत अवघड?’ या प्रश्नाला भारतात बहुधा दोन उत्तरे द्यावी लागतात, आणि ती एकाच कुटुंबातील दोघांना.

६. काठिण्याचे अंक

शस्त्रक्रियेच्या अवघडपणालाच थेट अंक देण्याचा प्रयत्न मुख्यतः यकृतावरील दुसऱ्या एका शाखेत झाला. दुर्बिणीद्वारे यकृताचा अर्बुदग्रस्त भाग काढण्याच्या शस्त्रक्रियांसाठी बान व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक गुणपद्धती मांडली. अर्बुदाचे स्थान व आकार, मोठ्या रक्तवाहिन्यांशी जवळीक, कापावयाच्या भागाची व्याप्ती आणि यकृताची कार्यशक्ती हे तिचे घटक. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या काठिण्याच्या अंकाशी ती ताडून पाहण्यात आली. त्याच वर्षी जपानमधील मोरिओका येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत तिचा विचार झाला, आणि पुढे ती ‘इवाते निकष’ या नावाने बारा अंकांपर्यंत वाढविण्यात आली. पॅरिसमधील संशोधकांनी २०१८ मध्ये वेगळा मार्ग धरला. शस्त्रक्रियेस लागलेला वेळ, वाया गेलेले रक्त आणि दुर्बीण सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण यांवरून त्यांनी शस्त्रक्रियांचे तीन गट पाडले.

या दोन पद्धतींतील भेद बारकाईने पाहण्याजोगा आहे. पहिली पद्धत शल्यविशारदाच्या प्रत्ययाशी बांधलेली आहे, दुसरी कामाच्या बाह्य खुणांशी. परंतु रक्तस्राव आणि वेळ या खुणा निर्विवाद नाहीत. रक्त अधिक गेले ते रोगामुळे, कापणाऱ्याच्या हातामुळे की भूलतज्ज्ञाने नीलांतील दाब वाढू दिल्यामुळे, हे आकडा सांगत नाही. शिकाऊ माणसाला लागलेले आठ तास आणि निष्णाताला लागलेले आठ तास यांचा अर्थ एक नसतो.

इवाते निकषांतील श्रेणींची नावे तर या प्रश्नाचे मूळच उघड करतात. खालच्या दोन श्रेणी ‘सौम्य’ आणि ‘मध्यम’ अशा आहेत. तिसरीला ‘प्रगत’ म्हटले आहे. आणि सर्वांत वरच्या, दहा ते बारा अंकांच्या श्रेणीचे नाव ‘तज्ज्ञ’ असे आहे. पहिली नावे शस्त्रक्रियेची विशेषणे आहेत. शेवटचे नाव करणाऱ्याचे आहे. मोजपट्टी वर चढता चढता कामावरून कर्त्यावर गेली. याला शब्दयोजनेतील चूक म्हणणे योग्य होणार नाही. अवघडपणा हा काम आणि करणारा यांच्यामधील संबंध आहे, हे ज्ञान येथे नामकरणातून आपोआप व्यक्त झाले आहे. या निकषांचा एक हेतूच असा होता की, शिकणाऱ्याने आपल्या तयारीला पेलेल अशी शस्त्रक्रिया निवडावी व क्रमाने वर जावे.

ही जाणीव आपल्याकडे अपरिचित नाही. चरकसंहितेत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद सांगताना वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी या चार पादांची अनुकूलता हेही सुखसाध्यतेचे एक लक्षण मानले आहे. म्हणजे साध्यता ही रोगाच्या अंगी असलेली वस्तू नव्हे, ती चौघांच्या मेळातून ठरते.

७. परिणाम

हा केवळ संज्ञांचा वाद राहिला असता तर त्याची चर्चा कोशकारांपुरती पुरली असती. परंतु या अंकांवरून माणसांविषयी निर्णय होतात. अमेरिकेत २००७ मध्ये केंद्र सरकारच्या नियमांनी प्रतिरोपण केंद्रांची मान्यता रोग्यांच्या वर्षभराच्या जगण्याशी जोडली. प्रत्यक्ष मृत्यू हे ‘अपेक्षित’ मृत्यूंच्या मानाने फार अधिक असल्यास केंद्रावर कारवाई होऊ शके. अपेक्षा ठरविणारे सूत्र रोग्याची जोखीम बऱ्याच अंशी मोजते. परंतु चिकटलेली आतडी आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियांचे व्रण त्यात पुरतेपणी उतरणे कठीण. अशा स्थितीत अवघड रोगी नाकारणे हाच चांगले आकडे राखण्याचा सोपा मार्ग ठरतो. या नियमांमुळे केंद्रे अतिसावध झाली अशी टीका होत राहिली, आणि २०१९ मध्ये मान्यतेच्या नूतनीकरणासाठी असलेली ही अट काढून टाकण्यात आली.

शिक्षणाच्या बाबतीतही असेच घडते. कोणती शस्त्रक्रिया शिकाऊ शल्यविशारदाच्या हाती सोपवावी हे मेल्ड अंकावरून ठरविले तर तो अंक कमी असलेला, परंतु बंद नीलेचा रोगी त्याच्या वाट्यास येईल. आणि रोग्यास संमती विचारताना ‘तुमची शस्त्रक्रिया अवघड आहे’ असे म्हटले तर त्याला बहुधा ‘तुमच्या जिवाला धोका आहे’ असे ऐकू येते. या दोन विधानांत अंतर आहे हे सांगणाऱ्याने स्पष्ट केले नाही तर ऐकणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग नसतो.

या इतिहासावरून तीन गोष्टी वेगळ्या करता येतात : देहातील अडथळा, करणाऱ्याचा आवाका आणि फसल्यास होणारी हानी. येर्देल यांच्या श्रेणी पहिलीचे माप घेतात, इवाते निकष पहिलीकडून दुसरीकडे जातात, मेल्ड तिसरीच्या एका अंशाचे माप घेतो. प्रत्येक माप आपापल्या जागी उपयुक्त आहे. घोटाळा होतो तो एकाचे माप घेऊन त्याला दुसऱ्याचे नाव दिले जाते तेव्हा. १९४१ च्या समितीने जो शब्द वापरण्याचे नाकारले, तो पुढच्या पिढ्यांनी सोयीसाठी परत आणला. त्या सोयीची किंमत अंक तयार करणाऱ्यांनी सहसा मोजली नाही. ज्या रोग्यांची अडचण कोणत्याही अंकात मावत नव्हती, त्यांनी ती मोजली.